चार नंबरची पाटी

बंबमावशीचा नेम साधा होता. सकाळी सहाला उठायचं, तोंड धुवायचं, खिडकी उघडायची आणि समोरच्या अग्निशमन केंद्रात कुठल्या नंबराचे बंब उभे आहेत ते वहीत लिहायचं. लिहून झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. एकोणीस वर्षांत एक खाडा नव्हता. तापानं फणफणली तेव्हा धाकट्या बहिणीनं हाताला धरून तिला खिडकीशी आणलं होतं, आणि दाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी गालाला फडकं बांधून तिनं ‘नऊ हजर, चार हजर’ असं लिहिलं होतं.

धाकटी म्हणायची, लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, तू बंबांचं घे. मावशी हसून म्हणायची की देवाचंही घेते, पण त्याची हजेरी मांडावी लागत नाही, तो कुठे जात नाही.

वही तिच्या हातची. बाइंडिंगच्या कारखान्यात ती शिलाईला होती. पानं अशी शिवायची की एक ओढलं तर सगळी वही हातात यावी. गुपचूप पान फाडायची सोयच नाही.

असं वेड लागलेली ती एकटी नव्हती. गावात पाचसहा जण होते, आणि त्यांतला सगळ्यात पक्का म्हणजे फिटर. बस डेपोतून निवृत्त झालेला, पुलापलीकडच्या केंद्राजवळ राहणारा. तो संध्याकाळी सातला आपल्याकडचे बंब लिहायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे वह्या घेऊन त्याच्या घरी जमत आणि कुठल्या गाडीची घंटा बदलली, कुठलीचा मडगार्ड चेपला यावर असे भांडत, जसे इतर लोक जमिनीच्या हद्दीवरून भांडतात.

एकदा फिटरनं न पाहिलेली गाडी ऐकीव माहितीवर लिहून टाकली होती. त्यावरून मावशी आणि तो सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी मावशीनंच नियम घातला: पाटीवर दिसेल ते लिहायचं, मनाला वाटेल ते नाही. प्रत्येक बंबाच्या दारावर नंबराची पत्र्याची पाटी असे, दोन स्क्रूंनी बसवलेली. पाटी बघा, लिहा, मोकळे व्हा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मावशीला हा नियम फार आवडायचा. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला आवडावा तसा.

*

गादीच्या कारखान्याला आग लागली ती एका मंगळवारी, दुपारी तीनला. मावशी कामावर होती. तिला कळलं ते संध्याकाळी. गाडी पोचायला पाऊण तास लागला होता आणि तिथल्या रखवालदाराचे दोन्ही हात भाजले होते.

तिसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे मोठे साहेब स्वतः मावशीच्या घरी आले. टोपी काखेत धरून बसले, धाकटीनं दिलेला चहा प्यायले आणि वही पाहायला मागितली. पानं उलटताना ते म्हणाले की आमच्या दफ्तरातसुद्धा इतकी चोख नोंद सापडायची नाही, असे नागरिक आहेत म्हणून आम्ही आहोत. मावशीला एकोणीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणत ते वेगळंच. चौकशीसाठी वही चार दिवस द्याल का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं ती धुतलेल्या रुमालात गुंडाळून दिली. सकाळच्या नेमासाठी सुटा कागद घेतला.

साहेब गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवून गेला तो."

पुढच्या सोमवारी, बाइंडिंगच्या कारखान्याची सुट्टी व्हायच्या वेळी, ड्रायव्हर तिला भेटायला आला. समोरच्या केंद्रातला नऊ नंबरचा ड्रायव्हर. हा माणूस मावशीची टिंगल करण्यात सगळ्यांच्या पुढे. रोज खिडकीखाली उभा राहून ओरडायचा, मावशी, गाड्या झाल्या, आता माझे दात मोजा. आज त्याच्या अंगावर गणवेश नव्हता.

तो विनवण्या करायला आला नव्हता. दारातच उभं राहून त्यानं सांगितलं ते असं. मंगळवारी दुपारी तो नऊ नंबर घेऊन रस्त्यावर सांडलेलं तेल धुवायला गेला होता. आगीची वर्दी आली तेव्हा केंद्रात दुसरी गाडीच नव्हती. तो धावतपळत परत आला, टाकी भरली आणि निघाला, तोवर उशीर झाला होता. आता साहेब म्हणत होते की चार नंबर केंद्रात उभी होती, वाटेतून निरोप देऊन तू ती का काढायला लावली नाहीस. उद्या चौकशी, आणि परवा नोकरी गेली म्हणून समजा.

"ती उभी होतीच," मावशी म्हणाली. "मी पाहिली. सकाळी."

"पाटी पाहिलीत."

"मग?"

"चार नंबरचा पंप दीड महिन्यापासून खोलून पडलाय वर्कशॉपात. सकाळी जी उभी असते ती सात. पलीकडच्या केंद्राची. पाटी बदलून आणतात, दहाला परत नेतात. दोन्हीकडे दोन-दोन गाड्या दिसल्या पाहिजेत ना कागदावर." त्यानं तोंड फिरवलं. "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे मूग गिळून बसलेत, बायकापोरं आहेत. मी लिहून दिलं, तर साहेबांनी तुमची वही काढली. म्हणाले, ही बाई खोटं लिहीत नाही. उद्या अक्षर ओळखायला तुम्हालाही बोलावणार आहेत."

मावशीला राग आला. आपल्या वहीवर कुणी असं बोलावं याचा. ती ठामपणे म्हणाली की वहीत जे आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"बरोबर आहे," ड्रायव्हर म्हणाला. "मावशी, तुमच्या डोळ्यांनी माझी नोकरी खाल्ली." आणि तो निघून गेला.

*

मावशी घरी गेली नाही. पूल ओलांडून थेट फिटरकडे गेली. फिटरनं आपली वही काढली. दोघांनी मावशीच्या आठवणीतल्या नोंदींशी ती ताडून पाहिली. सकाळी सहाला पुलाच्या अलीकडे चार हजर. संध्याकाळी सातला पलीकडे सात हजर. चाळीस दिवस. फिटरनं रोज सात लिहिली होती, कारण संध्याकाळी तिच्यावर सातचीच पाटी होती. दोघांनी नियम इमानानं पाळला होता, आणि एकाच गाडीच्या दोन गाड्या करून ठेवल्या होत्या.

"सातचा उजवा दिवा पिवळट आहे," फिटर म्हणाला. "मीच दिला होता काढून, जुन्या बसचा. तुम्हाला दिसला नाही?"

मावशीला दिसला होता. पहिल्याच दिवशी तिनं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: चारला दिवा पिवळा? मग गाडी सुरू होताना खोकलीही होती, आणि चार कधी खोकत नव्हती. तेव्हा मावशीनं स्वतःलाच समजावलं होतं की आपले कान म्हातारे झाले. पाटीवर चार आहे ना, मग चार. नियम तिचा, आणि नियमाच्या आड बसून चाळीस सकाळी तिनं आपल्याच कानाडोळ्यांना गप्प केलं होतं.

फिटर म्हणाला, आता काय करणार. उद्या वही चुकली म्हणून सांगितलंत, तर एकोणीस वर्षांवर पाणी. लोक आधीच वेडे म्हणतात.

"म्हणू देत," मावशी म्हणाली. "तुम्ही सकाळी दहाला या. वही आणा."

*

चौकशी केंद्राच्याच माडीवर होती. खाली गाड्यांची जागा, वर लांबलचक खोली, तिच्यात एक टेबल, सात खुर्च्या आणि भिंतीवर गुंडाळून टांगलेले पाण्याचे पाइप. चौकशीला बाहेरून एक बाई आल्या होत्या, चष्मा नाकावर ओढून सगळं शांतपणे वाचणाऱ्या. ड्रायव्हर भिंतीशी उभा होता. टेबलावर रुमाल सोडलेली मावशीची वही.

मोठ्या साहेबांनी प्रेमानं तिला बसायला सांगितलं. एवढंच सांगा, की अक्षर तुमचं आहे.

"अक्षर माझं आहे," मावशी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, ऐकायला पुढे वाकावं लागावं असा. "नोंद चुकीची आहे."

साहेब हसले. मंगळवारची एक चुकली असेल तर ते समजण्यासारखं आहे, असं म्हणाले.

"मंगळवारची नाही. चाळीस दिवसांची."

"चाळीस चुका? तुमच्या वहीत?"

"चाळीस नाही. एकच. चाळीस वेळा केली."

मग तिनं सगळं सांगितलं. पाटीचा नियम, पिवळा दिवा, समासातली ओळ. फिटरनं आपली वही टेबलावर ठेवली. चौकशीच्या बाईंनी दोन्ही वह्या शेजारी उघडल्या आणि बोट फिरवत बसल्या.

साहेबांच्या आवाजातलं प्रेम हळूहळू आटत गेलं. दिवे काय, बदलतात, म्हणाले. ही मंडळी हौशी आहेत, गाड्यांना नावं ठेवतात, खोकला-बिकला ऐकतात. आणि या बाई स्वतःच्या तोंडानं म्हणतात की वही चुकीची, तर त्या एकोणीस वर्षांच्या वहीला रद्दीच्या पलीकडे काही किंमत नाही.

मावशीनं पदर सारखा केला. रात्री तिला नेमकी याच वाक्याची भीती वाटली होती. आता ते कानावर पडलं आणि काहीच झालं नाही.

"नसेल किंमत," ती म्हणाली. "मग ती यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून टेबलावर कशाला? रद्दी आहे तर उचला. खरी आहे तर समासासकट वाचा."

भिंतीशी उभ्या ड्रायव्हरनं पहिल्यांदा मान वर केली.

साहेब काही बोलणार तोच मावशी पुढे म्हणाली की तिचं एक मागणं आहे. चार आणि सात, दोन्ही गाड्या एका वेळी खालच्या अंगणात उभ्या करा. फार नको, पाच मिनिटं. दोन्ही दिसल्या तर ही वही ती इथेच चुलीत घालेल.

साहेब म्हणाले, हा पोरखेळ आहे. चार खाली उभी आहेच, खिडकीतून बघा. सात पलीकडच्या केंद्रात कामावर आहे, तिला तिथून हलवता येत नाही.

"मग चारला तिकडे न्या. मी चालत येते पुलापर्यंत."

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही कुणाशी बोलताय?"

"कळतंय. एकोणीस वर्षं रोज सकाळी तुमच्याच दाराकडे बघते आहे. मी इथे थांबते. माझी आजची नोंद अर्धी राहिली आहे. दारावर चार दिसतंय आणि दिवा पिवळा आहे. नोंद पुरी झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, आणि घरी काही चहा वाट बघत नाही."

फिटरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं.

चौकशीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग टेबलावरचा फोन जवळ ओढला, पलीकडच्या केंद्राचा नंबर विचारून स्वतः फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. साहेब म्हणाले, मी विचारतो ना. बाई म्हणाल्या, असू द्या.

पलीकडून कुणीतरी तोंडात घास असल्यासारखं बोललं. बाईंनी विचारलं, सात नंबर आहे का जागेवर.

"सात?" पलीकडचा म्हणाला. "सकाळीच तुमच्याकडे धाडली की. रोज दहाला येते, आज अजून परत आली नाही. आणि ताई, तिची पाटी तेवढी आठवणीनं परत पाठवा. परवा बिनपाटीची परत आली, मला शोधत बसावं लागलं."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. खाली कुणीतरी गाडीवर पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग त्या लिहू लागल्या. लिहिता लिहिताच साहेबांना म्हणाल्या की चार नंबर हजर होती हे आरोपातलं वाक्य निघतंय. वर्कशॉप त्या आजच बघतील, आत्ता, आणि साहेबांनी सोबत चलावं. ड्रायव्हरच्या नोकरीचं जे काय ते कागद पुढे ठरवतील. पण ज्या ओळीवर तो सगळा डोलारा उभा होता, ती ओळ गेली होती.

साहेब उठले. जाता जाता त्यांनी मावशीच्या वहीवर हात ठेवला आणि कोरडेपणानं म्हणाले की वही आता चौकशीच्या कागदात जमा होईल.

मावशीनंही वहीवर हात ठेवला.

"नाही होणार," ती चौकशीच्या बाईंकडे बघत म्हणाली. "पानांच्या प्रती काढा, माझ्यासमोर काढा, हव्या तेवढ्या. सही देते. पण वही इथे राहणार नाही. मला उद्या सकाळी सहाला लागते."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शिपायाला झेरॉक्स यंत्र सुरू करायला सांगितलं.

प्रती निघायला तासभर लागला. मावशी यंत्राशेजारी उभी राहून पानं मोजत होती. नंतर तिनं खुर्चीत बसून वही मांडीवर घेतली आणि चाळीस ओळींवर, अक्षर झाकणार नाही अशी, एक-एक बारीक रेघ मारली. प्रत्येकीच्या शेजारी लिहिलं: सात. पाहून चुकले. शेवटी आजची तारीख घातली. नऊ हजर. सात हजर, चारच्या पाटीखाली. चार नाही.

ड्रायव्हर खालून पेला घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला. चहा दुपारपर्यंत उकळून काळा झाला होता.

"झाली का नोंद?" त्यानं विचारलं.

"झाली."

"मग आता दात मोजता का?"

"तोंड उघड," मावशी म्हणाली, आणि चहाचा पहिला घोट घेतला.