त्या वर्षी सिवोदोलला दोघेच

सिवोदोल म्हणजे डोंगरातलं धरण; तिथल्या गोठलेल्या पाण्यावर मासे धरायला जायची आमची तयारी सहा डिसेंबरला सुरू व्हायची. त्या दिवशी सेंट निकोलसचा सण, घरोघरी कार्प मासा भाजतात. आम्ही तिघं प्रोदानच्या गॅरेजात शेगडीभोवती बसून जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारचा बेत आखायचो. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. प्रोदानची जुनी जीप, झेल्याझ्कोचं गिरमिट आणि घरी गाळलेली द्राक्षाची दारू, रकिया, आणि माझी वही. कुठल्या साली बर्फ किती जाड होता, कुठल्या कोपऱ्यात भोक पाडल्यावर पर्च मासे लागले, डांबरी रस्ता संपल्यावरच्या अकरा किलोमीटरांत चाकांना साखळ्या कुठे चढवायच्या, सगळं त्या वहीत. मी एकतीस वर्षं खालच्या धरणाच्या दरवाजांवर काम केलं. पाण्याबर्फातलं मला कळतं असं मला वाटायचं, आणि ते दोघंही तसंच म्हणायचे.

एका वर्षी मात्र माझं चुकलं. वादळ येणार म्हणून मी आदल्या दिवशी बेत मोडला, आणि शनिवारी लख्ख ऊन पडलं. प्रोदानने वर्षभर माझी सालटी काढली. दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर. "नास्को, आज छत्री घेऊ का रे?" चार माणसं हसायची, मीही हसायचो. घरी येऊन मात्र वही उघडून त्या दिवसाची नोंद पुन्हा पुन्हा वाचायचो.

पुढच्या वर्षी म्हणून मी सगळं जास्तच नीट केलं होतं. गळाला लावायच्या लाल अळ्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. बायको, दाफिन्का, रोज म्हणायची, "चीजच्या शेजारी अळ्या! एक दिवस तुलाच खायला घालीन."

गुरुवारी सकाळी मी सिवोदोलच्या पहारेकऱ्याला फोन केला.

"बर्फ मस्त आहे, चांगला वीतभर," रांगेल म्हणाला. "पण सोमवारपासून विजेसाठी पाणी सोडतायत. दोन मीटर उतरलंय."

मी पुढचं ऐकलंच नाही. पाणी उतरलं की मधला बर्फ त्याच्याबरोबर खाली बसतो, पण काठचा बर्फ खडकांना धरून तसाच अधांतरी राहतो. वरून काही दिसत नाही. पाय पडला की माणूस खालच्या पोकळीत जातो. नोकरीत असताना अशा पोकळीतून आम्ही एकाला बाहेर काढलं होतं. त्याचे बूट माझ्या हातात आले होते, ते अजून आठवतात.

मी तडक गॅरेजात गेलो. प्रोदान साखळ्यांना तेल लावत होता, झेल्याझ्को गिरमिटाचं पातं घासत होता. मी सांगितलं तसा प्रोदान कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आलं! झेल्याझ्को, ऐकलंस? याचं वादळ आलं."

"अरे, वादळ नाही, पाणी उतरलंय. काठ पोकळ असणार. दोन आठवडे थांबू."

"दोन आठवड्यांनी तुला सर्दी होईल. मग वितळायला लागेल. सरळ सांग ना गड्या, भीती वाटते म्हणून."

"मला कळतं त्यातलं, म्हणून सांगतोय."

"काय कळतं तुला? एकतीस वर्षं काय केलंस? वरून फोन आला की चाक फिरवायचं, फोन आला की उलटं फिरवायचं. त्याला माकडही चाललं असतं!"

झेल्याझ्को पात्याकडे बघत राहिला. त्याने एक शब्द काढला असता तरी चाललं असतं.

"जा मग," मी म्हणालो. "जा आणि बुडा दोघंही."

वही बाकावर टाकली आणि निघून आलो.

शनिवारी पहाटे जीप आमच्या दारावरून गेली. तिचा आवाज मला पाठ आहे. मी उठलो, कॉफी केली आणि फोन टेबलावर ठेवून बसलो. दहा वाजले, म्हणजे ते काठावर पोचले असणार. अकरा वाजले. दाफिन्काने राजम्याचं सूप समोर ठेवलं, ते निवून गेलं.

"काळजी वाटते तर रांगेलला फोन कर ना," ती म्हणाली.

"बघू."

मी केला नाही. मनात मी काहीतरी जुळवत होतो. बातमी कोण देईल, मी काय म्हणेन. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य मी निरनिराळ्या आवाजांत म्हणून बघत होतो. चर्चमध्ये सगळे माझ्याकडे बघतायत, न्हावी म्हणतोय की नास्कोचं ऐकलं असतं तर. दोन वाजता फोन वाजला आणि मी तो झडप घालून उचलला. दाफिन्काची बहीण होती, केकचं काहीतरी विचारत होती. मी फोन दाफिन्काला दिला. तिने तो कानाला लावलाच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला वाईट वाटलं," ती हळूच म्हणाली. "ती बातमी नव्हती म्हणून."

मी निवलेल्या सूपाचा वाडगा पुढे ओढला. ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही.

रविवारी दुपारी झेल्याझ्को दारात आला. गाल थंडीने भाजलेले, हातात पिशवीभर पर्च.

"तुझा वाटा," तो म्हणाला. "आणि ही तुझी वही. काठ खरंच पोकळ होता रे! तू गेल्यावर प्रोदान तासभर तुझी वही चाळत बसला, मग म्हणाला, फळ्या घेऊ. वहीत तू लिहिलंयस ना, धरणाच्या भिंतीच्या बाजूला काठ उभा आहे, तिथे पोकळी राहत नाही म्हणून? तिथून शिडी आणि फळ्या टाकून उतरलो. दुसरीकडे मी काठी मारली तर आख्खा तुकडा खाली गेला. तू नसतास तर आज मी इथे नसतो, नास्को."

त्याने मला मिठी मारली. त्याच्या कोटाला माशांचा आणि धुराचा वास येत होता. माझे हात खालीच राहिले.

दाफिन्काने मासे तळले. मी दोन खाल्ले.

ईस्टरला प्रोदान आला. रंगवलेली अंडी, बाटली, इस्त्रीचा शर्ट. दारातच म्हणाला, "माकडाचं बोललो ते चुकलं. लेका, माफ कर." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. साठ वर्षांत मी त्याला कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. त्या शनिवारी फोनपाशी मी कशाची वाट बघत होतो, ते सांगायची हीच वेळ होती. दाफिन्का ओट्याशी पाठ करून उभी होती, ती पण थांबली.

"केलं माफ," मी म्हणालो, आणि त्याच्या हातून बाटली घेतली.

त्यानंतर मी सिवोदोलला गेलो नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगतो. प्रोदानला वाटतं, मी अजून मनात धरून आहे, म्हणून तो दर जानेवारीत माझा वाटा घेऊन येतो आणि दारात जरा अवघडून उभा राहतो. मी त्याला तसं वाटू देतो.