खोडलेल्या सात ओळी

बनुबाईंनी पदराने खुर्ची पुसली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून घरातून ओलं फडकं आणून पुन्हा पुसली, आणि अंगणातल्या लिंबाखाली सावली बघून मांडली.

"बसा मॅडम. उन्हाच्या आल्या."

स्टेला मॅडम बसल्या, पण खुर्चीच्या टोकावर. शेवगावच्या कॉलेजात एकवीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, आणि आज गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी मांडीवर पर्स गच्च धरून बसलेली. रविवारची उपासना बुडवून त्या नगरहून एसटीने आल्या होत्या. नवऱ्याला, सायमनला, "विद्यार्थिनीकडे जाऊन येते" एवढंच सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगायला जीभ रेटली नव्हती.

"ज्ञानेश्वरी कुठंय?"

"हापशावर गेली. यील आता." बनुबाई उंबऱ्यावर टेकल्या. "तिला न्यायला आला असाल, तर मी काय अडवलं न्हाई बरं का. तीच म्हनती, कॉलेजात न्हाई जायचं."

"तिचं बरोबर आहे," स्टेला मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे, ताई."

चूक कुणाची, हे कुणी एवढं लांब सांगायला येतं, याचंच बनुबाईंना नवल वाटलं असावं. त्या उठून पाणी घेऊन आल्या.

आता ही चूक काय होती, ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं. एकवीस वर्षं स्टेला मॅडमनी वर्गात नोट्स सांगितल्या होत्या. त्यांनी सांगायचं, पोरांनी उतरवायचं, आणि परीक्षेत तेच सगळं स्वल्पविरामासकट परत यायचं. कुणाची तक्रार नव्हती, निकालही बरा लागायचा. यंदा पहिल्या वर्षाच्या साहित्याच्या पेपराला लेखनाचा भाग जोडला गेला. नुसत्या कथा-कविता शिकवू नका, पोरांना स्वतःचं लिहायला शिकवा, असा हुकूम. विभागातल्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला, की बावन्न पोरांचं तपासायचं कुणी? स्टेला मॅडम मात्र हरखल्या. कुणीतरी एकदाचं आपल्या मनातलं बोललं, असं त्यांना वाटलं.

पहिला विषय त्यांनी दिला, 'घरातली एक वस्तू'. बावन्न कागद आले. त्यातले तीसेक मोबाईलवर होते आणि मोबाईलवरूनच उतरवलेले होते. आणि एक होता ज्ञानेश्वरीचा. 'आईचा डबा'.

तिची आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पोरांची पंगत उठली की तळाची खिचडी ती डब्यात भरायची, वर फडकं टाकायची आणि मागच्या वाटेने निघायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, रिकामा हाय. आणि पुढे त्या पोरीने लिहिलं होतं, 'पण रिकामा डबा माणूस दोन्ही हातांनी धरत नाही.'

हे वाक्य वाचून स्टेला मॅडम स्टाफरूममध्ये एकट्याच "अगं बाई!" म्हणाल्या होत्या. पुढे आणखी सात ओळी होत्या. त्या त्यांनी वाचल्या. वाचल्या नाहीत असं नाही, पण लेखन शिकवायचा नवा उत्साह अंगात होता ना! त्यांना त्या ओळी खुलासा केल्यासारख्या वाटल्या. लेखणी घेतली आणि सातही ओळींवर लाल रेघा मारल्या. समासात लिहिलं, 'शेवट इथेच कर. सगळं सांगू नये, वाचकासाठी काही ठेवावं.' दहापैकी नऊ गुण दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात तो कागद वाचून दाखवला, नाव न घेता आणि खोडलेलं सोडून.

वाचून झाल्यावर वर्ग गप्प झाला होता. त्या शांततेने स्टेला मॅडमना काय सुख झालं! ज्ञानेश्वरीने बाकावर डोकं टेकलं. पोरगी लाजली, असं त्या समजल्या.

रेश्मा त्याच वर्गातली, ज्ञानेश्वरीच्याच गावची; नाव नसलं तरी कागद कुणाचा, ते तिने ओळखलं. तिने घरी जाऊन अगदी कौतुकाने सांगितलं, आमच्या ज्ञानूचं लिखाण मॅडमनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. काय लिहिलं होतं, हे घरच्यांनी विचारणारच, आणि गावात खिचडी शिजवणारी बाई एकच. आठ दिवसांत शाळेच्या समितीची बैठक बसली. अध्यक्ष गोरक्षनाथ यांनी बनुबाईंना उभं करून विचारलं, डबा नेत होता का? बनुबाई म्हणाल्या, नेत हुते. कुठं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या जागी दुसरी बाई लागली. पोरं आता बनुबाईंना बघून "खिचडी, खिचडी" करतात, हेही रेश्मानेच कॉलेजात रडत रडत सांगितलं होतं.

त्या दिवशी स्टेला मॅडमनी तो कागद पुन्हा काढला आणि लाल रेघांखालच्या सात ओळी पुन्हा वाचल्या. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या लेकीला न विचारता तिचं लिहिलेलं वर्गात वाचलं. आणि अर्धवट वाचलं. जे वाचलं असतं तर तुमच्यावर बोट उठलं नसतं, नेमकं तेच मी खोडलं."

"खोडलं म्हंजी?"

"तिने पूर्ण लिहिलं होतं. मला वाटलं, शेवट लांबतोय. म्हणून कापला."

बनुबाईंनी जरा विचार केला. "साऱ्या कॉलेजानं ऐकलं. गावानं ऐकलं. मलाच तेवढं न्हाई कुनी वाचून दावलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर स्टेला मॅडमना बरं वाटलं असतं. "मला काय वाचता येत न्हाई. दावा की वाचून."

स्टेला मॅडमनी कागद काढला. तेवढ्यात ज्ञानेश्वरी घागर घेऊन आली. मॅडमना बघून थबकली, कागदाकडे बघितलं, आणि घागर तशीच कमरेवर धरून भिंतीशी उभी राहिली.

स्टेला मॅडम वाचू लागल्या. वर्गात वाचताना त्यांनी आवाज चढवला होता, उतरवला होता, मधे थांबल्या होत्या. इथे तसलं काही जमेना. बनुबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होत्या. दोन्ही हातांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी लेकीकडे एकदा बघितलं.

लाल रेघांखालचं नीट दिसत नव्हतं. स्टेला मॅडमनी कागद उजेडाकडे धरला.

'डबा आमच्या घरी येत नाही. तो आक्काबाईकडे जातो. आक्काबाई मळ्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहते. तिचा उजवा हात चालत नाही. तिच्या लेकाचं रस्त्याला नवीन घर आहे, तिकडून ताट येत नाही. आक्काबाई डबा उघडते आणि शेजारणींना सांगते, लेकानं धाडलं. माझी आई तिथंच उभी असते, पण काही बोलत नाही.'

वाचून झालं. लिंबावर कावळे ओरडत होते. स्टेला मॅडमनी डोळे पुसले आणि एका दमात मनातलं सांगून टाकलं.

"मी आता गोरक्षनाथांकडे जाते, ताई. त्यांच्यासमोर हे वाचते. समितीपुढे सांगते की चूक माझी. तुमचं काम तुम्हाला परत मिळालं पाहिजे, आणि नावही. मी त्यासाठीच आलेय."

"गोरक्षनाथाकडं?"

"हो."

"मॅडम," भिंतीपासची ज्ञानेश्वरी म्हणाली, "ते आक्काबाईचे लेक आहेत."

स्टेला मॅडमच्या हातातला कागद हातातच राहिला. मग त्यांना उलट जोर चढला. "मग तर सांगायलाच हवं! आई उपाशी, आणि हा माणूस तुम्हाला चोर ठरवतो?"

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या.

"ताई, अहो..."

"न्हाई म्हनते ना. ऐका. तुमी वाचलं तर काय हुईल? गावात छी थू हुईल, आन् त्या तोंडानं तो दुसऱ्या दिशी ताट धाडील. लाजंकाजंनं. आन् म्हातारीला कळंल, की सगळ्या गावाला ठावं झालं, लेक खायाला घालत नव्हता. ती घास गिळील का मग? तीन वर्सं झाली, रोज म्हनती, लेकानं धाडलं. तेवढ्यावर जगती ती. खिचडीवर न्हाई."

"पण तुमचं नाव?"

"माझं काय! मी खुरपायला जाते आता. कांद्याचे दिस हायेत." बनुबाईंनी हात पुढे केला. स्टेला मॅडमनी कागद दिला. बनुबाईंनी तो उलटासुलटा बघितला, लाल रेघांवर बोट ठेवलं. "ह्येच का ते, खोडलेलं?"

"हो."

"चांगलं केलं खोडलं. राहू द्या तसंच." मग लेकीकडे बघून, "हिनं ल्ह्यायलाच नको हुतं. पर म्हनली, मॅडम एकट्याच वाचत्यात."

स्टेला मॅडमना माफी मागायची होती. पाठ करून आल्या होत्या. त्यातला एक शब्द आठवेना. बनुबाईंनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवून दिला. मग चहा झाला, बिनदुधाचा, आणि तो नको म्हणण्याची सोय नव्हती.

निघताना ज्ञानेश्वरी फाट्याकडे सोडायला आली. हातात डबा होता, वर फडकं.

"भाकरी आहे," मॅडमनी बघितलं तशी तीच म्हणाली. "खिचडी कुठनं आणायची आता? आक्काबाईला भाकरी चावत नाही, म्हणून आई दुधात कुस्करून देते."

स्टेला मॅडमना चहाचा रंग आठवला. मळ्याकडे वळायची पायवाट आली तशी पोरगी थांबली.

"उद्या येशील ना, ज्ञानेश्वरी? माझ्यासाठी नको येऊस. तुझ्यासाठी ये. तुझ्यासारखं लिहिणारं मला एकवीस वर्षांत..."

"येते की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

स्टेला मॅडमना एकदम हलकं वाटलं. देव पावला, असं त्या म्हणणारच होत्या.

"फक्त एक विचारू मॅडम? रागावू नका."

"विचार ना."

"तो लेखनाचा प्रश्न आहे ना, परीक्षेतला... त्याच्या पण तुम्ही नोट्स द्याल का? कथा-कवितांच्या देता तशा? मी पाठ करीन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

एसटी लांबून धूळ उडवत येताना दिसत होती. स्टेला मॅडमच्या मनात खूप काही आलं. स्वतःचं लिही, घाबरू नकोस, मी पुन्हा कुणाला दाखवणार नाही. ज्ञानेश्वरी उत्तराची वाट बघत उभी होती, डबा दोन्ही हातांनी धरून.

"देते," त्या म्हणाल्या. "उद्याच सांगते. वही घेऊन ये."