डोक्याचा खेळ

नर्मदेने तव्यावर घावन घातलं तेवढ्यात सर्वेश दारात येऊन उभा राहिला, आणि त्या सकाळी तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "आये, बाबा खंय गेले?"

बाबा जाऊन चार वर्षं झाली होती.

"बाजारात," नर्मदा म्हणाली. पहिल्या दोन वेळा तिने खरं सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा दार भरून टाकणारा तिचा बत्तीस वर्षांचा झिल हमसून हमसून रडला होता.

आचऱ्यात त्याला 'अमेरिकावालो' म्हणत. कबड्डीत त्याची पकड अशी, की चढाईवाल्याची चड्डी सुटेल पण चढाईवाला सुटायचा नाही. कुणीतरी हेरला, आणि तो अमेरिकेत तिथला फुटबॉल खेळायला गेला. सर्वांत मोठ्या लीगमध्ये नव्हे, तिच्या खालच्या एका लीगमध्ये. पण पगारी खेळाडू. "हातान खेळतत आणि फुटबॉल म्हणतत?" म्हणून गाव हसलं. सर्वेशच्या हातात तर चेंडू कधी आलाच नाही. समोरच्या डोंगराएवढ्या माणसाला धडकून थोपवायचं, एवढंच त्याचं काम. एका सामन्यात साठ-साठ वेळा, सहा वर्षं. धडकेने डोळ्यांपुढे काळोख आला की डॉक्टर विचारीत, आज आपण कुठल्या शहरात आहोत? म्हणून हा पठ्ठ्या आधीच मनगटाच्या पट्टीवर शहराचं नाव लिहून ठेवी. तेवढं वाचून दाखवलं की पुन्हा मैदानात. संघालाही तेवढंच हवं होतं. पुढे पाय अडखळू लागले तसा संघाने त्याला नारळ दिला, आणि गावाने नारळ-शाल देऊन सत्कार केला.

त्याला दोन वर्षं झाली. सत्कारापाठोपाठ लग्न होऊन आलेली त्याची बायको संचिता, जामसंड्याची, पहिल्यापासून सांगत होती, "ह्यांच्या डोक्याक मार बसलोहा." पण गुरुदास, नर्मदेचा दीर, म्हणाला, "लगीन होयसर झिल खणखणीत होतो. ही इली आणि डोक्या फिरला." नर्मदेला ते पटलं. सुनेने वाढलेलं ताट ती सर्वेशपुढून उचलून नेई आणि दुसरं वाढी. संचिताने गोव्याच्या इस्पितळात मंगळवारची वेळ मात्र घेतली.

सोमवारी गुरुदास देवाला कौल लावणाऱ्या हरिश्चंद्र घाड्याला घेऊन आला. घरापुढच्या खळ्यात शेजारपाजार जमला. घाड्याने गाऱ्हाणं घातलं, तांदूळ टाकले आणि निकाल दिला, "भायरसून इलेली पावलां बरी नाय. पाच सोमवार ही बाय ह्या घरात दिसता नये."

"आयकलंस?" गुरुदास संचितावर गरजला. "आजच म्हायराक जा. डॉक्टराचा खूळ बंद."

"जातंय, काका. पण ह्यांका घेवन."

"जीभ लय चालता गो तुझी!"

घाड्याने सर्वेशवरून नारळ ओवाळला. गुरुदास खदखदून हसला. "दगडार कित्याक? तेच्या डोक्यारच फोड! सत्काराक तीन फोडलेले गड्यान!"

सगळे हसले. कुणी मोबाइल काढला, कुणी शिट्टी मारली. त्या गोंगाटाने सर्वेशच्या अंगात जुनं काहीतरी जागं झालं. मैदानात धडकेआधी वाकायचा तसा तो वाकला. एक हात शेणाने सारवलेल्या खळ्यावर टेकला, मान आत घेतली, नजर नारळावर रोवली. इशाऱ्याची वाट बघत तो तसाच राहिला. शिट्ट्या वाढल्या.

नर्मदेला किळस आली. त्या दातांची, त्या मोबाइलांची. आणि स्वतःची, सत्काराच्या त्या तीन नारळांना तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने घाड्याच्या हातातला नारळ हिसकावला.

"वयनी, देवाचा काम आसा!" गुरुदास ओरडला.

"देव शिट्ट्यो मारीत नाय, भावजी. भायर व्हा. सगळे."

खळं रिकामं झालं. ती सर्वेशशेजारी बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उठ, बाबू. खेळ संपलो."

"आमी जिकलव?"

तिने त्याच्या हाताला लागलेली धूळ पदराने पुसली.

मंगळवारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या फिल्म उजेडावर धरल्या आणि एकेक करून निरखल्या. "हे कधीपासून?"

"दोन वर्षं," संचिता म्हणाली.

"दोन वर्षं? घरातले काय बघत होते?"

"घरात जरा अडचण..." संचिता सावरून घेऊ लागली. नर्मदेने तिचा हात धरून तिला थांबवलं. कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली,

"सुनेचे पाय बघत होतो, डॉक्टर. लिहा तसं."