दुखणे माझे, बोलणी तिला

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. माणसांच्या हिशेबाने माझे निवृत्तीचे वय केव्हाच उलटून गेले आहे. रंग मूळचा निळा, आता उन्हाने विटलेला. मागचे एक दार हिसका दिल्याशिवाय उघडत नाही आणि वायपर काचेवरून फिरताना असा काही सूर लावतो की आत बसलेले ओशाळतात. बाकी मी धडधाकट आहे. तरीही मध्यंतरी मला विकायला काढले होते. ज्या दुखण्यापायी काढले, ते नेमके कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण गाडीला हॉर्न असतो, वाचा नसते.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर कोणी माझी दारे बसवली, कोणी काचा लावल्या. शेवटी एका कामगार बाईने किल्ली घालून फिरवली, माझे इंजिन ऐकले आणि टपावर थाप मारून म्हणाली, "जा, सुखाने नांद." मी तिचा शब्द पाळला. ज्या घरी गेले त्याच घरी आजवर नांदते आहे.

त्या घरात आई, बाबा आणि त्यांची लेक. ती त्यांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. बाबांचे चष्म्यांचे दुकान. दिवसभर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगे बदलत विचारत असतात, "आता कसं दिसतंय? हे स्पष्ट की आधीचं?" गिऱ्हाईक कितीही गोंधळले तरी बाबा चिडत नाहीत. आई पाळणाघर चालवते. तिच्या ओढणीला कायम कोणत्या तरी बाळाने सांडलेल्या दुधाचा वास असतो. माझी पहिली वर्षे कौतुकात गेली. बाबा दर सुट्टीला मला पुसायचे आणि पाहुणे निघताना मुद्दाम म्हणायचे, "थांबा, गाडीने सोडतो."

पुढे लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि माझ्यावर धूळ साचू लागली. एकदा पावसाचे पाणी आत पाय ठेवायच्या जागेत साठले आणि आत कुबट वास सुटला, तेव्हा बाबांना कोणीतरी एका फोनवरच्या गटात घेतले. गटाचे नाव 'आपली जुनी गाडी'. माझ्याच जातीच्या गाड्या बाळगणारी माणसे त्यात होती. तिथल्या गुरुजी नावाच्या निवृत्त शिक्षकांनी सांगितले, "समोरच्या काचेखाली पाणी जायचं भोक असतं, त्यात तार घाला." बाबांनी तार घातली. मूठभर कुजलेला पाला निघाला आणि गळती थांबली. त्या दिवसापासून बाबांचा त्या गटावर देवासारखा विश्वास बसला.

मग मावशी आजारी पडली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, गावाच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहणारी. तिची एक बाजू लुळी पडली. हात-पाय पुन्हा चालायचे असतील तर व्यायाम चुकता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले. व्यायामाच्या दवाखान्यात तिला न्यायचे कोणी? बाबा दुकानात अडकलेले. तेव्हा केसांत पांढरे आले असताना आई गाडी शिकली. बाबा शेजारच्या सीटवर बसून शिकवायचे आणि तिथे नसलेला ब्रेक दाबत राहायचे. इतका की त्यांच्या टाचेखालचा मॅट झिजला. पण आई शिकली. पहिल्यांदा मावशीला घेऊन निघाली तेव्हा मावशी वाकड्या झालेल्या ओठांनी हसली आणि म्हणाली, "लहानपणी मी हिला सायकलवर मागे बसवायचे. आता फेड म्हणावं!"

तो माझा सुखाचा काळ होता, मित्रांनो. म्हातारपणी आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, याहून दुसरे काय हवे?

आणि अशातच एके दिवशी मी पुलाच्या चढावर बंद पडले.

मागून ट्रकने हॉर्नचा सपाटा लावला. आईने पुन्हा किल्ली फिरवली आणि मी सुरू झाले. घरी तिने सांगताच बाबा म्हणाले, "क्लच लवकर सोडला असशील."

"नाही हो. अचानक सगळं गेलं."

"अगं, नव्याने शिकणाऱ्याचं होतं असं."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग एकदा गतिरोधकावर. बाबांनी माझी परीक्षा घ्यायचे ठरवले. त्यांची स्वतःची किल्ली चष्म्याच्या जुन्या डबीत, भिंग पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली असते. ती काढून ते मला पुलावर घेऊन गेले, दोनदा वर-खाली केले. मी सुरळीत चालले. "गाडी ठणठणीत आहे," घरी येऊन ते म्हणाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तरी बाबा अगदीच स्वस्थ बसले नाहीत. गटावर विचारले. मग काय, सल्ल्यांचा पाऊस! बाबा माझ्यात बसून एकेकाचा आवाज फोनवर ऐकायचे, म्हणून मलाही ऐकू यायचे. कोणी म्हणाले प्लग बदला. कोणी म्हणाले पेट्रोलचा पंप गेलाय, लिहून घ्या. गुरुजींनी बॅटरीच्या तारा घासायला लावल्या. दाढीवाले नावाचे एक गृहस्थ हसत म्हणाले, "बायकोच्या हातातच बंद पडते ना? मग गाडीला कशाला औषध देताय?" बाबाही हसले. ते हसणे उघड्या काचेतून आईपर्यंत पोहोचले, कारण ती दोन हातांवर अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने हातातला कपडा फार जोरात झटकला.

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पंप बदलला. दर वेळी बाबा डबीतली किल्ली घेऊन मला आणायला जात आणि खुशीत परत येत. आणि दर वेळी आई मला पुलावर नेई तेव्हा मी मान टाकी.

शेवटच्या वेळी ट्रक इतका जवळ येऊन थांबला की माझ्या मागच्या काचेत त्याच्या दिव्यांखेरीज काही दिसेना. मावशीने डोळे मिटून घेतले होते. त्या संध्याकाळी आईने किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्या. "मी आता गाडीला हात लावणार नाही," ती म्हणाली. "माझ्यापायी ताईचा जीव जायचा एखाद्या दिवशी."

मावशीचा व्यायाम चुकू लागला. भाड्याच्या गाडीत तिला एकटीला चढता-उतरता येईना. फोनवर ती आईला म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. हात थोडा जड झालाय, एवढंच." फोन ठेवल्यावर आई माझ्या बॉनेटला टेकून रडली. तिच्या नकळत तिचा तळवा माझ्यावर होता, आणि मला काहीही सांगता येत नव्हते.

बाबांनी गटावर लिहिले की गाडी विकायची आहे. कोणी किंमत विचारली, कोणी टायर कसे आहेत ते. एका बाईने मात्र काहीच मागितले नाही. ती बेकरीवाली. पाव पोहोचवायला माझ्यासारखीच गाडी वापरणारी. तिचा आवाज आला, "दादा, एक विचारू? बंद पडताना नेमकं काय होतं, हे वहिनी काय सांगतात? तुम्ही इतके दिवस तुमचंच सांगताय."

बाबांनी फोन बाजूला ठेवला. मग घरात गेले आणि आईला घेऊन आले, खिळ्यावरच्या तिच्या किल्ल्यांसकट.

"तू बस इथे. चालवायची नाहीये, नुसती बस," ते म्हणाले. आणि मित्रांनो, ते दुकानातल्या आवाजात विचारू लागले. "मला सावकाश सांग. बंद पडताना सगळ्यात आधी काय दिसतं?"

"डॅशबोर्डवरचे सगळे दिवे जातात. मग इंजिन."

"दिवे आधी जातात? नक्की?"

"नक्की. पहिल्याच दिवशी म्हटलं नव्हतं, सगळं गेलं म्हणून?"

"क्लच चुकला तर इंजिन मरतं," बाबा हळूच म्हणाले, "दिवे नाही जात."

त्यांची नजर माझ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यांवरून खाली सरकली आणि स्टिअरिंगजवळ लावलेल्या किल्लीवर येऊन थांबली. आईच्या किल्लीवर. तिला एक भला मोठा जुडगा लटकत होता. घराची किल्ली, पाळणाघराच्या दोन, वरच्या मजल्यावरच्या एकट्या म्हाताऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली एक. आणि मावशी आजारी पडल्यापासून तिच्या फाटकाची, दाराची आणि कपाटाची. सगळ्या लोखंडी, जाडजूड.

बाबांनी मला सुरू केले आणि तो जुडगा खाली ओढून हलवला. मी तिथल्या तिथे बंद पडले. आयुष्यात बंद पडण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

मग त्यांनी आपली डबीतली एकटी किल्ली लावून पाहिली. मी चालू राहिले. इतकी वर्षे किल्ली फिरून फिरून इंजिन सुरू करायचे माझे कुलूप आतून झिजले होते. पुलावरच्या सांध्यांवर धक्का बसला की जुडगा झोका घेई, त्याच्या ओझ्याने किल्ली मागे सरके आणि माझा श्वास तुटे. बाबांनी परीक्षा घेतली खरी, पण दर वेळी स्वतःच्याच किल्लीने.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

"कधी?"

"दर वेळी."

आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "हे त्या दाढीवाल्यांनाही कळवा." बाबांनी तिच्यासमोर बसून कळवले. गॅरेजवाल्याने नवे कुलूप बसवले. गुरुजींनी आपल्या सुनेची किल्ली तपासली म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी जुने कुरकुरत असेल. त्याला तेलपाणी करा, पुसा, चार जाणत्यांना जरूर विचारा. पण त्याला रोज हाताळणारे जे माणूस आहे, त्याला सगळ्यांत आधी विचारा, आणि ते काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐका. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. त्या माणसाला येते.

आता माझ्या कुलपात एकच किल्ली असते. पहिल्या दिवशी बाबा दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर निघाले. मागे मावशी, पुढे आई, शेजारी बाबा, आणि त्यांच्या मांडीवर तो जड जुडगा. पूल आला. सांध्यांवर धक्के बसू लागले. मी वाट पाहत होते की त्यांची टाच त्या झिजलेल्या मॅटवर आता दाबली जाईल, मग जाईल.

"अगं, हे बघ," मागून मावशी हळूच म्हणाली. आईने आरशात पाहिले, मग शेजारी. भर चढावर बाबा जुडगा धरून चक्क घोरत होते.