टकलूचं नेट

वसतिगृहाचा नियम असा, की एका विद्यार्थ्याने एकच यंत्र नेटला जोडायचं. चष्मिषने लॅपटॉप जोडला आणि त्यावरून गुपचूप हॉटस्पॉट सुरू करून आपल्या हातातल्या गेम कन्सोलला नेट पुरवलं. हॉटस्पॉटला नाव दिलं 'टकलूचं नेट'. टकलू म्हणजे नेटवर्क सांभाळणारे काका. मजल्यावरची पोरं हसून हसून लोळली.

परीक्षेचा फॉर्म भरायच्या नेमक्या शेवटच्या दिवशी नेट बंद पडलं. चष्मिषच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत गेला तो काकांकडेच. काका अर्धा डबा झाकून तसेच आले, टोपी काढून पलंगावर टेकले आणि सिग्नल बघायला त्यांनी फोन उघडला. यादीत सगळ्यात वर 'टकलूचं नेट' होतं. हॉटस्पॉट बंद करायचा राहिलाय, हे चष्मिषला तेव्हा आठवलं. कन्सोलही उशीवरच पडला होता.

"एकाच्या नावावर दोन यंत्रं चालली की आपोआप अडतं," काका म्हणाले. "गेमचं आधी सांगितलं असतंस, तर मी वेगळी नोंद करून दिली असती." त्यांनी फोनवरूनच अडसर काढला. "भर आता फॉर्म."

"काका, ते नाव..." चष्मिष म्हणाला. यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला झालं.

"सिग्नल चांगला आहे," म्हणत काका उठले. दारातच त्यांनी टोपी घातली आणि पार कानांपर्यंत ओढली. बाहेर ऊन नव्हतं, नुसता व्हरांडा होता.