प्लग उपटल्यावरही

ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार, क्लासवाले, एक दंतवैद्यसुद्धा, सगळे सर्व्हरवरच्या तांब्याच्या डबीपुढे हात जोडून उभे! कोणतं औषध कोणत्या दुकानात शिल्लक आहे ते सांगणारी दादा आणि धाकटी या भावंडांची वेबसाइट रोज सकाळच्या गर्दीत मान टाकायची. डबी आल्यापासून ती वाऱ्यासारखी धावत होती.

"तांबं तरंग ओढतं, तरंग माहिती ओढतात!" अशा डब्या विकणारे लहरीमहाराज गरजले. "शंका घेतली की डबी रुसते."

रुसून ती कोणत्या माहेरी जाते, हे कुणी विचारलं नाही. धाकटीने तोंड उघडलं, तर दादा म्हणाला, "गप गं. चालतंय ना?" ज्याने हात धरून सायकल शिकवली, त्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

तेवढ्यात एक बाई गर्दी सारत आत आल्या. "सासूबाईंना झटके येतात हो! तुमच्या साइटवर औषध 'आहे' दिसतंय. तीन बस बदलून गेले, तर दुकानदार म्हणतो कालच संपलं!"

धाकटी चपापली. 'संपलं' ही नोंद तिने स्वतः कालच केली होती. बाईंच्या फोनवर मात्र अजून 'आहे'च.

तिने आधी दुसऱ्या दुकानात फोन करून औषध बाजूला ठेवायला लावलं. मग सरळ सर्व्हरचा प्लग उपटला.

"आता उघडा साइट."

साइट उघडली, तितक्याच झपाट्याने. डबी बंद यंत्रावर बसून होती. महाराजांना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं.

"आपल्या पानांच्या प्रती कुणीतरी ठिकठिकाणच्या यंत्रांवर ठेवल्यात," धाकटी म्हणाली. "ज्याला जे यंत्र जवळ, तिथून पान मिळतं. एकावर गर्दी होत नाही, एक बंद पडलं तर दुसरं देतं. फक्त प्रती वेळेवर बदलायची सूचना द्यावी लागते, नाहीतर लोकांना शिळं पान मिळतं. ती कुणी दिलीच नाही."

वर्षभर ती हीच सोय मागत होती. दादा म्हणायचा, परवडत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ती सोय मीच गुपचूप घेतली. डब्यांच्या विक्रीत निम्मा वाटा आहे माझा," तो पुटपुटला. "तुला सांगणारच होतो."

परक्याने फसवलं असतं तर नुसता राग आला असता.

"चमत्कार दिसला की आधी प्लग काढून बघा," ती लोकांकडे वळून म्हणाली. "सांगणारा सख्खा भाऊ असला तरी. मी नाही बघितला, आणि या बाईंच्या सासूबाई इतका वेळ औषधाविना राहिल्या."