लाल रेघेवरचं घर

नकाशा जुळत नाही म्हणून माझ्या टेबलाशी येणाऱ्या माणसांची मला चीड यायची. दहातल्या नऊ वेळा नकाशाचा काहीच दोष नसायचा. कुणी ट्रेसिंग उलट्या बाजूनं ठेवलेलं असायचं आणि मग नदी पूर्वेला काहून गेली म्हणून डोकं खाजवत बसायचं. कुणी जुन्या इंचाच्या नकाशावर मीटरचा कागद पसरलेला असायचा. पावसाळ्यात तर कागदच दमट होऊन फुगायचा आणि सकाळी जुळलेली शीट दुपारी जुळायची नाही. मी यायचे, कागद सरळ करायचे, दोन खुणा धरायचे आणि म्हणायचे, "आता पाहा." ऑफिसात मला मागून सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सन शहाऐंशीची गोष्ट. वैनगंगेवरच्या धरणात जी गावं जायची होती, त्यांचे नकाशे करणारं आमचं ऑफिस भंडाऱ्यात एका भाड्याच्या घरात होतं. मी तिथं ट्रेसर. माझे मालक जवाहरनगरला फॅक्टरीत फिटर, त्यामुळे राहायला क्वार्टर आणि जायला-यायला बस. काम असं होतं: गावाचा जुना नकाशा घ्यायचा, त्यावर शेताचे नंबर असतात पण घरं नसतात. पाणी कुठवर चढेल ती लाल रेघ सर्व्हेवाल्यांनी त्या नकाशावर काढून दिलेली असायची. घरं मात्र विमानातून काढलेल्या फोटोवरून उतरवावी लागत. फोटोचं ट्रेसिंग करायचं, ते जुन्या नकाशावर नेमकं बसवायचं आणि घरं शाईनं काढायची. रेघेच्या आत आलं ते घर बुडालं, म्हणजे त्याला नव्या गावठाणात जागा. रेघेच्या बाहेर राहिलं, त्याचं नाव यादीत नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी रुखमिणी आली. साठीची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात पिशवी. कोंढ्याच्या पलीकडच्या मोहबोडीची. दारातच उभी राहून म्हणाली, "नकाशेवाली बाई कोन हाय?"

मी म्हटलं, "मीच. काय आहे मावशी?"

"माहं घर पाण्यात नाही म्हनून राहिले. काहून नाही?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घर बुडतं म्हणून रडत येणारे रोज येत. घर बुडत नाही म्हणून भांडायला आलेली ही पहिलीच. मी शीट काढली. मोहबोडीची एकूणएक घरं रेघेच्या आत होती, एक सोडून. गावाच्या वरच्या टोकाचं शेवटचं घर रेघेच्या बाहेर, जेमतेम दोन बोटं.

"तुमचं घर वाचलं की मावशी," मी म्हटलं. "चांगलंच झालं ना?"

ती म्हणाली, "सारं गाव जाईन. देवाजी जाईन, शकुनबाई जाईन, किराण्याचं दुकान जाईन. मी एकटी तेथं पान्याच्या काठावर काय करू वं? मेलो त कोनाले समजन?"

तिला कुणी नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूल नाही. शेजारची शकुनबाई सकाळी उठल्यावर हाक मारायची आणि हिनं ओ दिली की दोघींचा दिवस सुरू व्हायचा. नव्या गावठाणात शकुनबाईच्या बाजूची जागा तिनं मनात धरूनही ठेवली होती. आणि यादीत तिचं नाव नव्हतं. हरकतीची मुदत शनिवारी संपत होती.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. कारण ती शीट माझी होती. खाली कोपऱ्यात माझी सही होती. मी तिला सगळं दाखवलं. ट्रेसिंग सुलट आहे, माप एकच आहे, कागद कोरड्या दिवसात बसवलाय. तलावाच्या पारीचं, म्हणजे मातीच्या बांधाचं, हे टोक इथं, ते टोक तिथं, दोन्ही खुणा काट्याला काटा. मी म्हटलं, "मावशी, नकाशात चूक नाही."

"मंग माह्या घरात हाय का?" ती म्हणाली.

हेडड्राफ्ट्समन श्यामराव पलीकडून ऐकत होते. ते म्हणाले, "चंद्रकांताबाई, उद्या जाऊन पाहून या एकदा. तिचं समाधान होईल." माझा नकाशा असताना कुणाच्या समाधानासाठी जाऊन पाहावं, हा मला अपमान वाटला. तरी गेले. फोटो कपाटाबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्याच्या ट्रेसिंगची एक प्रत, जुन्या नकाशाची एक प्रत आणि तीस मीटरची फीत घेतली. पवनीची बस, मग कोंढा, मग तीन मैल पायी. वाटेत शेताच्या बांध्यांमधून कापलेल्या धानाचे ठसकट पायाला टोचत होते आणि मी मनातल्या मनात रुखमिणीला शिव्या देत होते.

गावात पोचले तर ती पारीवरच वाट पाहत बसलेली. फितीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि पारीपासून तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत मोजत नेलं. दोनदा मोजलं. ट्रेसिंगवर जेवढं अंतर होतं तेवढंच जमिनीवर. हातभरही फरक नाही.

मला आनंद झाला, हे आता लिहिताना लाज वाटते. मी फीत गुंडाळत म्हटलं, "पाहा मावशी. पारीपासून तुमचं घर जिथं आहे तिथंच मी काढलंय. पार काही हलत नाही."

आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. माझं माहेरही पवनीकडचंच. आमच्याकडे शेताशेतांमधले धुरे भावाभावांत सरकतात, रस्ते बदलतात, नदीसुद्धा काठ बदलते. पण गावच्या तलावाची पार म्हणजे पार. तिनं अडवलेल्या पाण्यावर सगळ्या गावाचं धान उभं असतं, तिला हात लावायची कुणाची छाती नाही. माझे वडील रस्ता सांगतानाही पारीपासूनच सांगायचे. म्हणून प्रत्येक नकाशात मी आधी पार धरायचे. परगावचा एखादा ट्रेसर असता तर त्यानं शिवेचा दगड शोधला असता, देऊळ शोधलं असतं. मला त्याची कधी गरजच वाटली नाही.

रुखमिणी उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "पार काहून हलत नाही? आमीच त हालवली."

"म्हणजे?"

"माह्या लग्नाच्या साली जुनी पार फुटली. घुशीनं पोखरली होती, माती धरेच ना. मंग साऱ्या गावानं जुनीच माती वाहून इकडं, गावाच्या अंगानं, नवी पार घातली. घरटी एक मानूस. आमच्या घरून मीच. नवी नवरी होतो, हातातला चुडाबी उतरला नव्हता. तीन महिने टोपले वाहिले." तिनं डोक्यावर हात ठेवून दाखवलं. "जुनी पार थ्या मोहाच्या झाडापाशी होती."

मी मोहाच्या झाडाकडे पाहिलं. झाड तलावाच्या पाण्यात उभं होतं.

मी जुन्या नकाशाची प्रत उलगडली. जुना नकाशा तिच्या लग्नाच्याही आधीचा, त्यावर जुनी पार. फोटो चार वर्षांपूर्वीचा, त्यात नवी पार. मी नवी पार उचलून जुनीवर नेऊन बसवली होती, आणि तिच्याबरोबर सारं गाव चढाकडे सरकवलं होतं. दोन खुणा धरल्या खऱ्या, पण दोन्ही त्याच पारीच्या. बाकीची घरं खूप खाली होती, त्यांना सरकल्याचा फरक पडला नाही. हिचं तेवढं काठावरचं, ते रेघेच्या बाहेर गेलं. जगाला खुणा शिकवणारी मी, आणि दिव्याखाली अंधार.

तरी खात्री पाहिजे होती. जुन्या नकाशावर दाखवलेला शिवेचा दगड आम्ही दोघींनी बेशरमाच्या झुडपात शोधून काढला आणि तिथून तिच्या घरापर्यंत मोजलं. माझ्या शीटपेक्षा अंतर चाळीस पावलांनी वेगळं निघालं. मोहाच्या झाडापासून नव्या पारीपर्यंतही चाळीसच पावलं भरली.

"बरोबर हाय का माहं?" रुखमिणीनं विचारलं.

"बरोबर आहे मावशी. चूक माझी आहे." हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदा बोलले.

तिनं मला चहा दिला, वर मुरमुरे दिले.

शुक्रवारी श्यामरावांना सगळं सांगितलं. शीट छापून वर गेली होती, यादी तिच्यावरूनच तयार झाली होती. ते म्हणाले, "सर्व्हेवाल्यांनी जुना नकाशा दिला, त्यांच्यावर ढकलता येईल. तुमचं ड्राफ्ट्समनचं प्रमोशन मार्चमध्ये आहे. विचार करा."

विचार केला, नाही असं नाही. सात वर्षं मी त्या प्रमोशनची वाट पाहत होते. पण सर्व्हेवाल्यांवर ढकललं असतं तर त्यांचा खुलासा मागवावा लागला असता, आणि तो यायला महिना गेला असता. मुदत उद्याची होती. मी कागद घेतला आणि लिहिलं, की ट्रेसिंग बसवताना खूण तपासली नाही, ही चूक माझी आहे, दुरुस्त शीट सोबत जोडली आहे. त्या संध्याकाळी बस सोडली आणि नवी शीट पुरी करूनच उठले. प्रमोशन मार्चमध्ये दुसऱ्याला मिळालं. त्याचं दुःख झालं, अजूनही होतं.

शनिवारी बाराच्या आत शीट आणि रुखमिणीची हरकत दोन्ही साहेबांकडे गेली आणि यादीत तिचं नाव चढलं. ती सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसून होती. मी तिला आत बोलावलं आणि नवी शीट तिच्यापुढे पसरली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून आधी पारीवर ठेवलं, तिथून गल्लीनं नेत शेवटच्या घरावर आणलं. लाल रेघ आता घराच्या मागून गेली होती.

"म्हंजे बुडलं?" तिनं विचारलं.

"बुडलं मावशी."

"पक्कं?"

"पक्कं. साहेबांची सही झाली."

ती खळखळून हसली. पडलेल्या दातांच्या फटी दिसल्या. शकुनबाईला आता कसं सांगते नि काय, असं काहीबाही बोलत राहिली. मग शीटवर वाकून तिनं हळूच विचारलं, "केवढं पानी येईन वं माह्या घरात?"

मी उंचीचे आकडे पाहिले. खोटं सांगायचं जिवावर आलं. "फार नाही. गुडघाभर."

"गुडघाभर?" ती म्हणाली. "एवढ्या पान्यात त जलमभर धानाचा रोवना केला मी."

तिचं हसू ओठावरच राहिलं. ती होती तिथं, फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मी टेबलामागून उठले, तिच्याजवळ बसले. मलाही आवरेना. तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि म्हटलं, "मावशी, पाणी आणू का?"

तिनं मान हलवली. "नोको. रडू दे मले थोडी," ती म्हणाली. "बस साडेपाचची हाय."